कादंबरीत स्किझोफ्रेनिया लिहायचा असेल तर : धाकट्या भावाच्या पात्राबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीतल्या एका मध्यमवर्गीय घरावर कादंबरी लिहायची आहे. घरात जमिनीच्या वाटणीचा वाद आहे. धाकटा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी येतो आणि एका रात्रीत त्याचं डोकं फिरतं. त्याला पांढऱ्या साडीतली बाई दिसू लागते, तो वहिनीच्या अंगावर कोयता घेऊन धावतो, त्याला शॉक देतात. शेवटी डॉक्टर त्याच्या लहानपणीचा एक विसरलेला प्रसंग शोधून काढतात आणि तो बरा होतो. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया असं ठरवलं आहे. जाणकाराला यात काय खटकेल, आणि शेवट कसा करावा?

बरंच खटकेल, पण बहुतेक गोष्टींचं मूळ एकच आहे : वेळेचा हिशेब चुकलाय. या आराखड्यात सगळं एका रात्रीत बिघडतं आणि एका दुपारी सुधारतं. स्किझोफ्रेनिया घरात महिनोन्महिने मुरत येतो आणि पुढे वर्षानुवर्षं सोबत राहतो. सिनेमाला दोन तासांची घाई असते, कादंबरीला ती नाही. म्हणून हा आजार कादंबरीत जास्त खरा उतरू शकतो. वेळ नीट मांडलात तर बाई, कोयता आणि विसरलेला प्रसंग यांतलं काय ठेवायचं, काय काढायचं, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

सुरुवात दिवाळीला करू नका, दीड-दोन वर्षं आधी करा. वय बरोबर धरलंय तुम्ही. मुलांमध्ये हा आजार साधारण अठरा ते पंचविशीत डोकं वर काढतो, मुलींमध्ये थोडा उशिरा. पण 'वेड लागलं' असं घर म्हणेपर्यंत खूप काही घडून गेलेलं असतं. पहिल्या वर्षी फर्स्ट क्लास मिळवणाऱ्या मुलाला एटीकेटी लागते, मग वर्ष जातं, आणि ते घरी सांगितलेलं नसतं. मेसला जाणं बंद होतं. रात्री जागणं, दिवसा झोपणं. अंघोळ दोन दिवसांनी, मग आठवड्याने. मित्रांचे ग्रुप सोडलेले. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. घरी आल्यावर रस्त्याकडची खिडकी लावून घेणं, आणि 'का लावलीस?' विचारलं तर 'असंच' एवढंच उत्तर. यांतली एकेक गोष्ट कुठल्याही विशीतल्या मुलाच्या बाबतीत घडू शकते. म्हणूनच घराच्या लक्षात येत नाही, आणि वाचकाच्याही पहिल्या वाचनात येऊ नये.

या काळात घर गप्प बसत नाही, कारणं शोधतं. वडील म्हणतात, मोबाइलने वाट लावली. आई म्हणते, दृष्ट लागली, हॉस्टेलचं खाणं बाधलं. भाऊ म्हणतो, पोरीचं प्रकरण असणार. मामाला गांजाचा संशय येतो. गांजाने धोका वाढतो हे खरं आहे, विशेषतः लहान वयात आणि रोज ओढला तर. पण 'गांजा ओढला म्हणून झालं' एवढ्यावर थांबू नका. प्रत्येकाच्या कारणात त्याची त्याची भीती असते, आणि ती कारणं मांडताना तुमची पात्रं उभी राहतील. डॉक्टरी निकषही वेळेवरच चालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ठळक लक्षणं किमान एक महिना टिकावी लागतात. अमेरिकन पद्धतीत आजाराच्या खुणा एकूण सहा महिने असाव्या लागतात. एका रात्रीवरून कुणी हे निदान करणार नाही. नशा, मेंदूज्वर, फिट्स, थायरॉइड हे सगळं आधी तपासलं जातं.

आता पांढऱ्या साडीतली बाई. ती काढा. या आजारात दिसण्यापेक्षा ऐकू येणं कितीतरी जास्त असतं. सुसंबद्ध, चालती-बोलती, गप्पा मारणारी आकृती वर्षभर सोबत राहते ही सिनेमाची सोय आहे, कारण पडद्याला दाखवायला काहीतरी लागतं. तुमच्या हातात शब्द आहेत आणि आवाज लिहायला शब्दच लागतात.

आवाज कसा असतो? तो मनातल्या विचारासारखा नसतो. कानातून, बाहेरून येतो. शेजारच्या भिंतीतून, पंख्यातून, कुकरच्या शिट्टीमागून. बऱ्याचदा दोघंतिघं धाकट्याबद्दल आपसांत बोलतात, किंवा तो जे करतोय त्याचं चालू वर्णन करतात. तो चहाचा कप उचलतो तेव्हा ऐकू येतं : 'उचलला बघ कप त्यानं. आता पितोय. हात कापाय लागलाय. लाज न्हाई काडीची.' आवाज सांगलीचा आहे तर सांगलीसारखाच बोलेल. प्रमाणभाषेतलं गूढ, तत्त्वज्ञानी वाक्य तो बोलणार नाही. बोलणं बहुतेक वेळा कंटाळवाणं, तेच तेच आणि अपमान करणारं असतं. कधी हुकूम येतो : दार उघड, खाऊ नकोस. माणूस त्यावर आपापले उपाय शोधतो. कानात इयरफोन, टीव्ही मोठ्याने, सतत गुणगुणणं. समोरच्याला फक्त एवढंच दिसतं की हा बोलता बोलता मध्येच थांबला, मान किंचित तिरपी केली, आणि मग 'काय म्हणालास?' असं विचारलं. एवढी एक खूण तुमच्या संवादांत पाच-सहा ठिकाणी पेरा, आवाजाचा एक शब्दही न लिहिता. आवाज प्रत्यक्ष ऐकवायचा तो फक्त धाकट्याच्या नजरेतून लिहिलेल्या प्रकरणात. तिथेही तिरप्या ठशात छापू नका, कारण त्याच्यासाठी तो बाकीच्या आवाजांइतकाच खरा आहे.

संशयाचं म्हणाल तर त्याला माल-मसाला घरातला आणि काळातला लागतो. एके काळी माणसं रेडिओतून आपल्याबद्दल बोलतात म्हणायची, आता वायफाय, सीसीटीव्ही आणि फोनमधला मायक्रोफोन आला आहे. तुमच्या कादंबरीतल्या घरात जमिनीच्या वाटणीचा वाद आहे असं तुम्ही लिहिलंय. मग धाकट्याचा संशय तिथूनच उगवेल : चुलत्यांनी माझ्या फोनमध्ये काहीतरी बसवलंय, वहिनी त्यांना मिळालेली आहे, ती माझ्या ताटात काहीतरी घालते. या समजाशी वाद घालून तो जात नाही. 'अरे वेड्यासारखं काय बोलतोस' म्हटलं की बोलणारा शत्रूच्या बाजूला जमा होतो. 'हो रे, खरंच घालते' म्हटलं तर समज पक्का होतो. घरच्यांना शिकवतात ते असं : 'मला तसं दिसत नाही, पण तुला किती भीती वाटत असेल ते कळतंय.' हे वाक्य सुचायला घराला कदाचित तीन वर्षं लागतील, आणि ते थोरला भाऊ म्हणेल की वहिनी, हे तुम्ही ठरवायचं.

विस्कळीत बोलणं लिहिताना बहुतेक लेखक शब्दांची भेळ करतात. खरी गंमत वेगळी आहे. एकेक दुवा समजतो, पण माळ भलतीकडे जाते. 'बसला उशीर का झाला?' या प्रश्नाला उत्तर येतं : 'आज गुरुवार ना, गुरुवारी दत्ताला पिवळं, पिवळा दिवा लागला की सगळे थांबतात, तुम्ही का थांबलात?' ऐकणारा क्षणभर गोंधळतो, की आपल्यालाच कळलं नाही. तो गोंधळ वाचकालाही व्हायला हवा. आणि हे सतत नसतं; त्याच संध्याकाळी तो भावाच्या मुलीचं गणित अचूक सोडवून देऊ शकतो.

सगळ्यात कमी लिहिला गेलेला भाग म्हणजे आवाज आणि संशय ओसरल्यावर उरतं ते. चेहऱ्यावर हावभाव कमी, बोलणं एकेका शब्दाचं, कशाची उमेद नाही, तासन्तास कॉटवर. हीसुद्धा आजाराचीच लक्षणं आहेत, आणि औषधांनी ती आवाजाइतकी हटत नाहीत. घराला मात्र तो आळस वाटतो. 'आता बरा झालाय ना, मग उठून दुकानात का जात नाही?' हे वाक्य घरोघरी बोललं जातं आणि फार जखमा करतं. कोयत्याच्या प्रसंगापेक्षा हे वाक्य कादंबरीला जास्त खोल नेईल असं माझं ठाम मत आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या 'देवराई'ची इथे आठवण करून द्यायला हवी. अतुल कुलकर्णींचा शेष त्यात आजारी आहे, पण कॅमेरा त्याच्या बहिणीच्या घरावरही तितकाच वेळ थांबतो. सांभाळणाऱ्या माणसाची दमणूक मराठीत इतक्या थेटपणे फार कमी वेळा आली आहे.

कोयत्याबद्दल. हा आजार असलेली बहुसंख्य माणसं हिंसक नसतात; ती मार देण्यापेक्षा खाण्याची शक्यता जास्त असते. सर्वांत मोठा धोका त्यांना स्वतःपासूनच असतो. शंभरांत सुमारे पाच जणांचा मृत्यू आत्महत्येने होतो, आणि आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत, विशेषतः दवाखान्यातून घरी सोडल्यानंतरच्या दिवसांत तो धोका वाढतो. हिंसा कधी होते? उपचार नसताना, कुणीतरी आपल्या जिवावर उठलंय असा समज पक्का असताना, त्यात दारू-नशा असेल तर, आणि बहुतेक वेळा घरातल्याच माणसावर. ती भीतीतून येते. ढकलणं, ताट फेकणं, दार आतून लावून घेणं एवढ्यावर ती पुष्कळदा थांबते.

तुमच्या कथानकाला त्या रात्रीचा स्फोट हवाच असेल, तर त्याची एक खरी वाट आहे. आपल्याकडे रुग्ण डॉक्टरांकडे यायला नकार देतो तेव्हा घरचे चोरून औषध देतात. अन्नातून, दुधातून. नैतिकदृष्ट्या आणि कायद्याच्या दृष्टीनेही हे अडचणीचं आहे, तरी हतबल घरं ते करतात. रिस्पेरिडोन या आजारावर देतात, आणि ते पातळ स्वरूपातही मिळतं. उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे ते पाण्यात, दुधात किंवा कॉफीत मिसळता येतं, चहात मात्र नाही. आता विचार करा : ज्या मुलाला आधीच वाटतंय की ताटात काहीतरी घालतात, तो रात्री पाणी प्यायला उठतो आणि ओट्यापाशी वहिनी दुधात थेंब मोजताना दिसते. त्याचा समज क्षणात सिद्ध होतो. आणि वहिनी प्रेमापोटीच ते करत असते, कदाचित सासूच्या सांगण्यावरून. इथे तुम्हाला भूतही नको आणि खलनायकही नको. त्यानंतर तो दोन दिवस घरात काहीही खात नाही, फक्त दुकानातून आणलेले बंद पुड्यातले बिस्किट खातो. हे सगळं आजाराच्या आतल्या तर्काला धरून आहे.

डॉक्टरकडे जायचा रस्ता सरळ नसतो, तो गाळू नका. सांगलीकडचं घर म्हणजे नरसोबाची वाडी, औदुंबर, पुढे गाणगापूर. मग फॅमिली डॉक्टर झोपेची गोळी देतात. मग 'नसांचा डॉक्टर', सीटी स्कॅन, सगळं नॉर्मल. मग मानसोपचारतज्ज्ञ, तेही मिरजेला ओळखीचं कुणी भेटेल म्हणून कोल्हापूरला. देवस्थानाची वाट लिहिताना घराला मूर्ख ठरवू नका. बहुतेक घरं गोळी आणि अंगारा दोन्ही एकाच वेळी चालू ठेवतात. पण जिथे साखळदंड येतात तिथे लेखकाने कचरू नये. तामिळनाडूतल्या एरवाडी या दर्ग्याच्या गावी ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली तेव्हा २८ मनोरुग्ण मेले, कारण ते बांधलेले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधणं साफ बेकायदा आहे.

तपासणीच्या खोलीतही थोडी दुरुस्ती हवी. आडवं होऊन बोलायला कोच नसतो, संमोहनाचा लंबक नसतो. सरकारी ओपीडीत दहा मिनिटं मिळतात. खासगीत पहिल्या भेटीला पाऊण तास मिळाला तर चांगलं. आधी घरचे बोलतात, सगळे एकदम, आणि डॉक्टर त्यांना बाहेर बसवून मुलाशी एकट्याने बोलू पाहतात. प्रश्न साधे असतात : झोप कशी आहे, आसपास कुणी नसताना आवाज येतात का, टीव्हीवर तुमच्याबद्दल बोलतात असं वाटतं का, जगणं नकोसं होतं का. गोळ्या लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ हे एम.डी. झालेले डॉक्टर असतात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि समुपदेशन करतात, गोळ्या देत नाहीत. कथांमध्ये ही दोन माणसं हमखास एक होऊन जातात. आणि तो विसरलेला प्रसंग : लहानपणीच्या आघातांनी या आजाराचा धोका वाढतो, पण एखादी आठवण उकरून काढली की आजार गळून पडला असं होत नाही. तो प्रसंग हवा असेल तर ठेवा, दुःख म्हणून ठेवा. किल्ली म्हणून नको.

औषधांचं वेळापत्रक तुमच्या प्रकरणांची रचनाच ठरवू शकतं. रिस्पेरिडोन साधारण १-२ मिलिग्रॅमपासून सुरू करून २ ते ६ च्या दरम्यान स्थिरावतं. पहिल्या काही दिवसांत झोप लागते, चिडचिड उतरते. आवाज कमी व्हायला दोन ते सहा आठवडे. पुष्कळदा ते थांबत नाहीत, फक्त लांब जातात. दुष्परिणाम अंगावर दिसतात, ते लिहा. वर्षभरात दहा किलो वजन वाढलेला मुलगा. पाय स्वस्थ ठेवता न येणं, बसलं की उठावंसं वाटणं. क्लोझापिनवर असेल तर रात्री उशी लाळेने ओली होणं. आणि एक प्रसंग जो कथांत जवळजवळ येतच नाही : औषध सुरू झाल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत, जास्त करून हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने, तरुण मुलाची मान अचानक एका बाजूला पिळवटते, डोळे वर जातात, जबडा अडकतो. घराला वाटतं, अंगात आलं. फेनरगनचं इंजेक्शन दिलं की साधारण अर्ध्या तासात मान सरळ होते. पण त्या अर्ध्या तासात आईचा गोळ्यांवरचा विश्वास उडतो, आणि औषध बंद पडण्याचं खरं कारण पुढे कित्येकदा हेच निघतं. गोळ्या सोडल्या की दुसऱ्याच दिवशी झटका येतो असंही नाही. काही आठवडे, काही महिने सगळं उत्तम चालतं. 'बघा, गोळ्यांचीच सुस्ती होती' असं सगळे म्हणतात. मग खिडकी परत बंद होते.

शॉकबद्दल काळ आधी ठरवा. कादंबरी आज घडत असेल तर भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देणं कायद्याने बंद आहे. रुग्ण उपाशीपोटी येतो, शिरेतून भूल देतात, दातांमध्ये रबरी गुटका. एका पायाला बीपीचा पट्टा आवळून ठेवतात, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध त्या पावलात पोहोचत नाही. बाकी शरीर शांत असतं आणि तेवढं एक पाऊल थरथरतं. ते बघून शॉकने आलेली फिट किती सेकंद चालली हे मोजतात. साधारण वीस सेकंद ते एक मिनिट. एकूण सहा ते बारा वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. त्या दिवसांच्या आसपासच्या आठवणी पुसट होतात, काहींच्या परत येत नाहीत. शॉक शिक्षा म्हणून देत नाहीत. माणूस खाणंपिणं सोडून दगडासारखा बसला असेल, जीव द्यायच्या टोकाला असेल, किंवा औषधांना दाद देत नसेल तेव्हा देतात. पण कादंबरी १९८५ ची असेल तर भुलेशिवायचा शॉक खराच आहे, आणि तेव्हा गोळ्या क्लोरप्रोमाझिन, हॅलोपेरिडॉलच्या असतील, रिस्पेरिडोन नसेल. कायदाही १९१२ चाच असेल, कारण त्यापुढचा १९८७ ला झाला.

भरती दाखवायची तर महाराष्ट्रात चार सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. आजच्या कायद्यात रुग्णाच्या मनाविरुद्ध भरती करायला त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, आणि अशी भरती सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांची. 'सही केली आणि कायमचा आत टाकला' हे आता लिहिता येत नाही. घरचे न्यायलाच आले नाहीत म्हणून बरा झालेला माणूस आत राहिला, हे मात्र आजही खरं आहे.

शेवट कसा करावा, असंही विचारलंय. पूर्ण बरा किंवा मेला, या दोनच दारांतून बाहेर पडू नका. काही जण पूर्ण सावरतात, पुष्कळांना अधूनमधून झटके येतात आणि मधला काळ बरा जातो, काहींचा आजार हटत नाही. धाकटा भावाच्या दुकानात रोज चार तास बसतो, हिशेब चोख ठेवतो, गिऱ्हाइकाशी बोलायचं टाळतो, हाही शेवट होऊ शकतो. 'लग्न करून द्या, सुधारेल' असं कुणीतरी म्हणणारच. ते होऊ द्यायचं असेल तर त्या मुलीलाही स्वतंत्र प्रकरण द्या. आत्महत्या लिहायचीच असेल तर पद्धत, जागा, गोळ्यांची संख्या, चिठ्ठीतला मजकूर यांचा तपशील देऊ नका. त्या मनःस्थितीतला वाचक तोच तपशील उचलतो. शेवटच्या पानावर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी मदतक्रमांक छापा. तो चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलतात.

पहिला खर्डा झाला की दोघांना वाचायला द्या : एका मानसोपचारतज्ज्ञाला आणि घरात असा रुग्ण दहा-वीस वर्षं सांभाळलेल्या एखाद्या आईला किंवा बहिणीला. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांचे स्वमदत गट आहेत, तिथे रीतसर परवानगी घेऊन विचारता येईल. तिथे ऐकलेली कुणाची गोष्ट जशीच्या तशी उचलू नका. गाव, नातं, व्यवसाय बदलूनही ओळख पटते. डॉक्टरांना औषधं आणि तारखा तपासायला सांगा. त्या बाईंना फक्त एवढंच विचारा, की कुठल्या पानावर 'घरात असं कुणी बोलत नाही' असं वाटलं. ती पानं पहिल्यांदा दुरुस्त करा.